गोव्याच्या वेशीवरून : तेरेखोल ते पोळे

नकाशात गोव्याची हद्द निसर्गानेच आखून दिल्यासारखी दिसते. उत्तरेला तेरेखोल नदी, पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. बाइकवरून ती पाहायला निघालो आणि पहिल्याच ठिकाणी हिशेब चुकला. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे ‘महाराष्ट्राच्या’ बाजूला. पाठीला महाराष्ट्रातलं रेडी गाव, समोर खाडीपलीकडे केरीची वाळू आणि सुरूची रांग, आणि मधला हा तुकडा मात्र गोव्याचा! सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला आणि हद्द नदी ओलांडून गेली ती आजतागायत तशीच आहे. किल्ला आटोपशीर. अंगण जवळजवळ सगळं चर्चनेच व्यापलेलं, तटाला जांभा चिरा. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला तो इथेच.

केरीहून फेरीबोटीने जाणं सगळ्यात मजेचं, पण ओहोटीला बोट खोळंबू शकते. भरतीची वेळ बघून निघा. नाहीतर किरणपाणी-आरोंदा पुलावरून रेडीमार्गे वळसा आहेच. किल्ल्यात बरीच वर्षं हॉटेल चाललं. आत कुठवर सोडतात ते दारातच विचारून घ्या.

पण मला विचाराल तर गोव्याची खरी जुनी सीमा आज राज्याच्या पोटात आहे. पणजीहून फोंड्याला जाताना बाणस्तारीच्या पुलाखाली कुंभारजुव्याचा कालवा लागतो. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या या पाण्यामुळे पणजीचा तिसवाडी तालुका बेट झाला. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे १६ व्या शतकात आदिलशाही. म्हणूनच देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुट्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंड्याच्या एवढ्याशा टापूत इतकी मोठी देवळं का, हे कोडं पुलावर उभं राहिलं की सुटतं. फोंडा पोर्तुगीजांकडे कायमचा गेला तो १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात. तीनही देवळं एका सकाळी होतात. गुडघ्यावरची चड्डी घालून गेलात तर अडवतील. कालव्यात मगरी दाखवणाऱ्या बोटीही निघतात, तेव्हा काठावर पाय सोडून बसायची हौस नको.

पूर्वेचा घाट तेवढा सीमेचं काम चोख करतो असं वाटतं, पण म्हादई, म्हणजे गोव्यात उतरून मांडवी होणारी नदी, उगम पावते खानापूर तालुक्यात, कर्नाटकात. दोन राज्यांतलं पाण्याचं भांडण तिथूनच. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं दाट असतं, अंधार पडायच्या आत उतरा. दूधसागरसाठी कुळ्याहून जाणाऱ्या जीपगाड्या पावसाळ्यात बंद असतात.

दक्षिणेला पोळ्याला उलटा प्रकार. काळी नदी अजून पुढे, पण गोवा तिच्या अलीकडेच संपतो. नदीच्या उत्तर काठावरचा सदाशिवगड कर्नाटकात. पोळ्याची चौकी बघण्यासारखी नाही, ट्रकच ट्रक. सरळ सदाशिवगड गाठा.

पेट्रोल गोव्यात स्वस्त पडतं, टाकी वेशीच्या आत भरा. दारूच्या बाटल्या मात्र परवान्याशिवाय नेऊ नका. बांद्याजवळ इन्सुलीला गाडी तपासतात, आणि तिथे ‘घरच्यासाठी आहे’ हे कोणी ऐकून घेत नाही.