गाडी बंद, तरी ब्रेकचा दिवा चालू

हेडलाइट बंद पडला की चालकाच्या लगेच लक्षात येते. ब्रेकचा दिवा मात्र सतत लागून राहिला तरी कित्येक दिवस पत्ता लागत नाही, कारण तो गाडीच्या मागे असतो. दोष कळतो तो बहुधा सकाळी बॅटरी उतरलेली सापडल्यावर, आणि मग खापर बॅटरीवरच फुटते. यावलला राहणाऱ्या माझ्या मामांच्या जुन्या मोटारीचे असेच झाले. त्यांना नवी बॅटरी घ्यायला लावली गेली आणि तीही लवकरच उतरली.

ब्रेकचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. असे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेतीन अँपिअर वीज ओढतात. म्हणजे लहान मोटारीतील ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत संपते. दिवा का विझत नाही हे शोधल्याशिवाय बॅटरी बदलणे हा निव्वळ खर्च आहे.

शोध ब्रेकच्या पेडलपासून सुरू करावा. पेडलच्या वरच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो. पाय काढल्यावर पेडल मागे येऊन स्विचची दांडी दाबून धरते आणि दिवा विझतो. ही दांडी जिथे टेकते, तिथे पेडलच्या पट्टीतील छिद्रात बऱ्याच गाड्यांना रबराची किंवा प्लास्टिकची बटणाएवढी टोपी बसवलेली असते. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून जास्त तापते. वर्षानुवर्षे असे तापून ती टोपी ठिसूळ होते आणि एक दिवस तिचा भुगा होतो. मग दांडी छिद्रातून आरपार जाते आणि दिवा लागूनच राहतो. मामांच्या गाडीत पायाखालची चटई उचलली तेव्हा त्या टोपीचे पिवळट तुकडे तिथेच पडलेले होते.

किल्ली काढून, एका माणसाला मागे उभे करून, दांडी बोटाने दाबावी. दिवा विझला तर टोपी गेलेली आहे किंवा स्विच जागचा सरकला आहे. विझला नाही तर स्विचचा कनेक्टर काढावा. आता विझला तर स्विच आतून चिकटला आहे, आणि तरीही जळत राहिला तर वायर कुठेतरी सोलवटून दुसऱ्या वायरला चिकटली आहे. हे शेवटचे काम वायरमनकडेच द्यावे. दुचाकीत मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग आणि चिखलाने अडकलेले पेडल आधी पाहावे.

इंडिकेटर दिल्यावर टेललाइटही मिचकावू लागला, तर मात्र स्विचला हात लावण्याची गरज नाही. तो अर्थिंगचा, म्हणजे दिव्यातून वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा, दोष असतो: गंजामुळे परतीची वाट बंद झालेली वीज दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढते. अर्थिंगचा स्क्रू काढून, जागा पॉलिश पेपरने घासून तो घट्ट बसवला की काम होते. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना दिवसाही लागतो, तो नियमच आहे. त्याला वेगळे बटण बसवून घेऊ नये.

ब्रेकचा दिवा अखंड जळत असताना चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणे-उतरणे मला अत्यंत धोक्याचे वाटते, कारण आपण ब्रेक कधी दाबला हे मागच्या गाडीवाल्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. टोपी मिळेपर्यंत छिद्रात योग्य मापाचा नटबोल्ट घट्ट आवळून वेळ निभावता येते. तोही हाताशी नसेल, तर रात्रीपुरता ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज काढून ठेवावा. काही गाड्यांत हॉर्नही त्याच फ्यूजवर चालतो. फ्यूज परत बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.