तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सर्टची डबी घेऊन शॉप फ्लोअरवर

"मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. मुलगी टेक्निकल सेल्समध्ये गेली तर चालेल का, आणि सुरुवात कुठून करायची?" हा प्रश्न मुली विचारतात, आणि त्यांच्याहून जास्त वेळा त्यांचे आईवडील. टेक्निकल सेल्समध्ये पंपापासून पीएलसीपर्यंत (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) सगळंच येतं. मी उत्तर कटिंग टूल्सपुरतं देते, म्हणजे लेथ आणि व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) लागणारे ड्रिल, एंडमिल आणि इन्सर्ट. इन्सर्ट म्हणजे टूलला बसवायचं, झिजलं की बदलायचं छोटं पातं. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, जिथे धातू कापला जातो तिथे हा माल रोज झिजतो आणि रोज लागतो.

चालेल. फक्त सुरुवात परचेसच्या टेबलापासून करू नका, मशीनपासून करा. परचेसमध्ये पहिला प्रश्न "डिस्काउंट किती टक्के देता?" हा असतो. तिथे नवखा माणूस हरतोच, आणि नवखी बाई असेल तर "हिला यातलं काय कळतंय" हे समोरच्यानं आधीच धरलेलं असतं. मशीनपाशी मात्र झिजलेली कड सगळ्यांना सारखीच दिसते.

आधी भाषा शिका. डबीवर सीएनएमजी 120408 लिहिलेलं असतं. सी म्हणजे 80 अंशांचा, शंकरपाळ्यासारखा आकार, एन म्हणजे क्लिअरन्स (कडेखालचा उतार) शून्य, एम ही टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, जी म्हणजे मधे भोक आणि दोन्ही बाजूंना चिपब्रेकर, म्हणजे निघणारी चिप तोडणारी खाच. 12 ही कडेची लांबी, 04 म्हणजे जाडी 4.76 मिमी, 08 म्हणजे नोज रेडियस, टोकाची गोलाई, 0.8 मिमी. दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणून कापायला वापरायचे कोपरे, म्हणजे कॉर्नर, चार. रंगही पाठ हवेत: स्टीलला निळा, स्टेनलेसला पिवळा, कास्ट आयर्नला लाल, ॲल्युमिनियमला हिरवा. कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या कास्टिंगवर निळ्या डबीतला ग्रेड (इन्सर्टच्या मटेरियलचा प्रकार) घेऊन गेलात, तर सुपरवायझर तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढच्या वेळी गेटवर अर्धा तास बसवून ठेवेल.

मग हिशेब. 60 मिमी व्यासाचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, कटिंग स्पीड 200 मीटर प्रति मिनिट. 200 ला 1000 नं गुणा, पाय (3.14) गुणिले 60 नं भागा, आरपीएम साधारण 1060 येतो. फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते, 0.25 मिमी असेल तर मिनिटाला 265 मिमी कापलं जातं, म्हणजे 150 मिमी लांबीला 34 सेकंद. फीड 0.30 केलं की 28 सेकंद.

हे 6 सेकंद विकायचे असतात, इन्सर्ट नव्हे. आकडे समजण्यापुरते धरा. जुना इन्सर्ट 400 रुपयांचा, म्हणजे कॉर्नर 100 रुपयांचा. त्यावर 40 जॉब निघतात, जॉबमागे अडीच रुपये. तुमचा 480 चा, कॉर्नर 120 चा, जॉब 60, जॉबमागे दोन रुपये. वाचले 50 पैसे. मशीनचा तासाचा दर 600 रुपये असेल तर 6 सेकंदांचा एक रुपया होतो, दुप्पट. महिन्याला 10,000 जॉब असतील तर इन्सर्टमध्ये 5,000 वाचतात आणि वेळेत 10,000. पण त्या मशीनला दिवसभर पुरेल एवढं काम नसेल, तर वाचलेल्या सेकंदांना किंमत नाही. हे आधी विचारा, नाहीतर प्रॉडक्शन इंजिनिअर तुमचा कागद तिथेच दुमडेल. आणि फीड वाढलं की फिनिश बिघडतो, तोही फीडच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून हा हिशेब रफिंगचा, म्हणजे आधीच्या जाड कटाचा, शेवटच्या फिनिशिंगच्या पासला लावू नका.

पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडायची गरज नसते. मशीनशेजारी वापरलेल्या इन्सर्टचा डबा असतो. दहापट दाखवणारं भिंग घ्या आणि तो डबा मागा. कडेखाली सारखी चमकदार पट्टी असेल तर ती साधी फ्लँक झीज, म्हणजे कडेच्या बाजूची झीज, 0.3 मिमीपर्यंत ती सहसा चालवतात. कडेवर जॉबचाच धातू चिकटून बसलाय म्हणजे बहुतेक वेळा स्पीड कमी पडतोय. बारीक टवके उडालेत म्हणजे कट तुटक आहे, नाहीतर ग्रेड फार कडक, नाहीतर इन्सर्ट बसतो ती सीट घाणेरडी. आणि प्रत्येक डब्यात हमखास सापडणारी गोष्ट: दोनच कॉर्नर वापरून फेकलेले इन्सर्ट. ते मोजून सुपरवायझरसमोर ठेवा. "मॅडम, सरांना पाठवा" म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मग ट्रायल, म्हणजे तुमचा इन्सर्ट त्यांच्या मशीनवर चालवून बघणं. ती फसते ती बहुतेक वेळा इन्सर्टमुळे नाहीच. बोरिंग बार (भोक आतून कापणाऱ्या टूलचा दांडा) व्यासाच्या चौपटीहून जास्त बाहेर असेल तर स्टीलचा बार थरथरणारच. चिप लांब दोऱ्यासारखी येत असेल तर चिपब्रेकरच्या मानानं फीड कमी आहे. आणि फीड ओव्हरराइडच्या नॉबकडे, म्हणजे ठरलेलं फीड कमी-जास्त करायच्या नॉबकडे, नजर ठेवा. आवाज बदलला की ऑपरेटर तो 100 वरून 70 वर आणतो. त्याचं चूक नाही, जॉब रिजेक्ट झाला तर ओरडा त्यालाच बसतो. "काका, पाच जॉब 100 वर चालवू, साइज हललं तर लगेच थांबू" एवढं आधी बोलून घ्या. ट्रायल रिपोर्टवर त्यांचं नाव लिहा. त्याच मशीनवर, त्याच लॉटच्या मटेरियलवर जुना इन्सर्टही चालवून आकडे घ्या, नाहीतर तुलना खोटी.

केस घट्ट बांधलेले, ओढणी नाही, बांगड्या नाहीत. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजेही नाहीत, ते माणसाला आत ओढतात. सेफ्टी शूज स्वतःचे घ्या. व्हिजिटरसाठी ठेवलेले आठ-नऊ नंबरचे असतात. लहान वर्कशॉपमध्ये बायकांसाठी टॉयलेट नसतं, म्हणून दिवसाचा रूट आखताना दर तीन-चार भेटींमागे एक मोठी कंपनी ठेवा. क्षुल्लक वाटेल, पण यापायी पाणी न पिता दिवस काढणाऱ्या मुली मूतखडे घेऊन घरी बसतात.

ग्राहकाच्या आवारात कुणी वाह्यात वागलं तर "तो आपला माणूस नाही" हे उत्तर कंपनीकडून ऐकून घेऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामानिमित्त जाल ती जागाही कामाचं ठिकाण धरली आहे. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत.

नोकरी घेताना पगाराआधी विचारा: इन्सेंटिव्ह बिलावर की वसुलीवर? वसुलीवर असेल तर 90 दिवस पैसे अडकवणारे ग्राहक तुमच्या गळ्यात कोण बांधणार? गाडीचे पैसे किलोमीटरवर की ठोक? पहिले तीन महिने ॲप्लिकेशन इंजिनिअरबरोबर (ग्राहकाच्या मशीनवर टूल लावून देणारा कंपनीचा माणूस) फिरू देणार का? शेवटच्याला "नाही" आलं तर दुसरीकडे बघा.

ट्रायल पास झाली, रिपोर्टवर सही झाली, तरी ऑर्डर येत नाही. का, ते स्टोअरमध्ये कळतं: जुन्या इन्सर्टच्या 30 डब्या पडून आहेत, डबीत दहा. त्या संपेपर्यंत परचेस तुमच्या इन्सर्टचा आयटम कोडही उघडणार नाही. म्हणून ट्रायलच्या आधीच स्टोअरकीपरला शिल्लक विचारा आणि त्या हिशेबानं तारीख वहीत लिहा. त्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन.