ओरडायचं नाही, पोचवायचं

मी स्पीच थेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत झालं, नोकरी दक्षिण वेल्समध्ये. पोर्ट टॅलबट आणि त्यामागच्या आवन खोऱ्यातल्या रुग्णांच्या घरी जाऊन उपचार देते. त्यात पार्किन्सन्सचे रुग्ण बरेच असतात. या आजारात हात थरथरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आवाज खाली खाली जातो हे घरच्यांच्याही उशिरा लक्षात येतं. रुग्णाला स्वतःला तर ते जाणवतच नाही. त्याच्या कानाला तो पूर्वीसारखाच बोलत असतो. बळेच नेहमीच्या पट्टीत बोलायला लावलं की आपण ओरडतोय असं त्याला वाटतं, आणि तो संकोचून पुन्हा पुटपुटायला लागतो.

ताइबाखमधले एक आजोबा अगदी असेच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उमेदीची सगळी वर्षं पोलाद कारखान्यात गेलेली. आजी म्हणायच्या, "हा तोंडातल्या तोंडात बोलतो." आजोबा म्हणायचे, "हिलाच ऐकू येत नाही." त्या दिवशी मी आवाज मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं. एक मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबल भरतं. आजोबांचा आकडा पन्नाशीतच घुटमळत होता. लांब 'आ' काढायला सांगितला की तो दणदणीत यायचा; वाक्य सुरू झालं की अर्ध्यातच हवा संपायची. आजोबा कंटाळले होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचा कंटाळा मला पटत होता. ज्या माणसाला आपला आवाज ठीक वाटतो, त्याने 'मला चहा हवा' हे वाक्य पुन्हा पुन्हा का घोकावं?

कपाटाखालच्या खणात जुन्या रेकॉर्डी होत्या. सगळ्यांत पुढे 'अंडर मिल्क वुड', वेल्श कवी डिलन थॉमसचं रेडिओनाटक. मी विचारलं, "रिचर्ड बर्टन?"

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, माणूस निर्विकार दिसतो. त्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच काहीतरी हललेलं दिसलं. "तो इथलाच," आजोबा म्हणाले. मी खुर्ची जवळ ओढली, कारण पुढचं सगळं ते कुजबुजत्या आवाजात सांगणार होते आणि मला एक शब्दही सोडायचा नव्हता.

रिचर्ड बर्टन म्हणजे भारदस्त आवाजासाठी गाजलेला रंगभूमी-सिनेमातला नट. त्याचा जन्म १९२५ चा, या खोऱ्यातल्या पॉन्ट्रहिडिफेनचा. खाणकामगाराच्या तेरा मुलांमधलं बारावं. आई तो दोन वर्षांचा व्हायच्या आत गेली आणि थोरली बहीण सिस हिने त्याला ताइबाखला आणून वाढवलं. घरची भाषा वेल्श. खरं आडनाव जेंकिन्स. बर्टन हे त्याच्या शिक्षकाचं, फिलिप बर्टन यांचं. फिलिप यांना त्याला दत्तक घ्यायचं होतं, पण कायद्याला वयात २१ वर्षांचं अंतर हवं होतं आणि ते वीस दिवसांनी कमी पडलं. मग ते त्याचे कायदेशीर पालक झाले आणि मुलाने त्यांचं नाव लावलं.

हे मी वाचलेलं होतं. आजोबांनी ज्या गोष्टीवर भर दिला, तिच्याकडे मात्र मी कधी माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं नव्हतं. फिलिप त्या मुलाला डोंगरावर न्यायचे आणि शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मधली निवेदनं म्हणायला लावायचे. तो म्हणायला लागला की स्वतः मागे मागे सरकत जायचे. ऐकू आलं पाहिजे, पण ओरडायचं नाही, ही अट. वाऱ्यात, उघड्यावर, घशाला ताण न देता. आम्ही क्लिनिकमध्ये श्वास, अंतर आणि लक्ष्य यांबद्दल जे शिकवतो, ते सगळं त्या एका व्यायामात आहे.

लोक त्या आवाजाला दैवी देणगी म्हणतात. मला ते मान्य नाही. देणगी असेलही, पण १९५१ ला स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचा प्रिन्स हॅल आणि त्यानंतर लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात एकाच नाटकात आलटून पालटून ऑथेल्लो आणि इयागो करणारा आवाज हा मेहनतीचा होता. १९६० च्या 'कॅमलॉट' या संगीत नाटकासाठी त्याला टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये जॉन गिलगुडच्या दिग्दर्शनाखाली त्याने तालमीच्या साध्या कपड्यांत हॅम्लेट केला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तोपर्यंत सर्वांत जास्त चाललेला. सिनेमात हाच आवाज त्याला आवरावा लागला. कॅमेऱ्यापुढे कमीत कमी करायला आपण एलिझाबेथ टेलरकडून शिकलो, असं तो सांगत असे. १९६५ चा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ऐका. हो, ऐकाच. त्यात स्वर सपाट, थकलेला आहे, तरी एकही अक्षर हरवत नाही. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकदाही नाही. हे मला आजही खटकतं.

पण नुसता आवाज उरतो तिथला बर्टन मला सर्वांत मोठा वाटतो. डिलन थॉमस नोव्हेंबर १९५३ मध्ये वारला आणि २५ जानेवारी १९५४ ला बीबीसीवर त्याचं 'अंडर मिल्क वुड' सादर झालं. त्यातला मुख्य निवेदक, नाटकात ज्याला 'पहिला आवाज' म्हटलंय, तो बर्टन. झोपलेलं सबंध गाव तो एकटा, सावकाश, जवळजवळ कानाशी येऊन उभं करतो. १९७८ च्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'च्या संगीत-अल्बममध्येही निवेदन त्याचंच, आणि आजोबांच्या नातवंडांना बर्टन माहीत होता तो तेवढ्यामुळेच. शेवटच्या वर्षांत मान आणि पाठीच्या दुखण्याने त्याला जेरीला आणलं होतं. १९८४ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी तो गेला.

"तुम्ही कधी काही म्हटलंय का, लोकांपुढे?" मी आजोबांना विचारलं. उत्तर आजींनी दिलं. लहानपणी चॅपलच्या आयस्टेडफॉडमध्ये, म्हणजे गाण्या-पाठांतराच्या वेल्श स्पर्धेत, हा पाठांतराची बक्षिसं आणायचा, बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रासाठी. वेल्शमध्ये.

मी त्यांना आधार देऊन मागच्या अंगणात नेलं. खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर नीट टेकवले, पाठ सरळ केली. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "म्हणा. मी मागे सरकत जाईन. ओरडायचं नाही, माझ्यापर्यंत पोचवायचं." पहिली ओळ माझ्यापर्यंत आलीच नाही. मी हात कानामागे धरला. त्यांनी श्वास घेतला, हनुवटी वर केली आणि परत सुरुवात केली. मी फाटकापर्यंत गेले. मग मागच्या गल्लीत, पलीकडच्या भिंतीला टेकले. शब्द येत होते. मला वेल्श थोडंथोडकंच कळतं, पण ओळ कुठे संपते हे स्पष्ट कळत होतं, कारण शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच भरून येत होता.

तेवढ्यात शेजारच्या वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एका बाईंनी डोकं बाहेर काढून वेल्शमध्ये काहीतरी सुनावलं. आजोबांनी मान वळवली आणि तिथल्या तिथे उलट उत्तर दिलं, खणखणीत. दोघांची चांगली जुंपली. आजी दारात येऊन हसत होत्या. आजोबांनी मधली एक ओळ गाळली असं शेजारीण म्हणत होती. मी काही गाळलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी गल्लीत उभी राहून ते भांडण ऐकत होते आणि मला आनंदाने काही सुचेना. स्तोत्र पाठ होतं, त्यात आवाज येणं समजू शकते. पण हे बोलणं ठरवलेलं नव्हतं, सुचेल तसं होतं, आणि आवाज उतरला नव्हता. पाठ केलेल्यातून रोजच्या बोलण्यात आवाज आणणं हीच आमच्या उपचारातली सर्वांत अवघड पायरी असते.

आत आल्यावर मी व्यायामाची यादी बदलली. चहाचं वाक्य काढून टाकलं. रोज अंगणात बसून स्तोत्र म्हणायचं, आजींनी फाटकाशी उभं राहायचं आणि लगेच पाच मिनिटं तिथूनच गप्पा मारायच्या. शेजारणीला विचारलं, तुम्ही खिडकीतून बोलाल का? ती म्हणाली, तो ती ओळ नीट म्हणेपर्यंत रोज बोलेन.