फ्रेम कुणाची?

२०२५ च्या मे मधे दादरला एका मोबाइलच्या दुकानाचा बोर्ड उतरवायचं काम आलं. उतरवणं हे आमच्या लाइनीतलं सगळ्यात नावडतं काम, पैसे कमी, धूळ जास्त, आणि उतरवलेल्या बोर्डाचा फोटो कुणी स्टेटसला पण लावत नाही. अशा कामाला मी पोरांना पाठवून देतो. पण दुकान नानांचं होतं, त्या बोर्डावर मी २००० सालापासून हात फिरवलाय, आणि नाना धंदा बंद करून गावी राहायला चाललेत, म्हणून म्हटलं स्वतः जाऊ.

आधी एक सांगतो, बाहेरच्यांना हे माहीत नसतं. मोबाइल कंपनीचा बोर्ड दुकानदार बनवत नाही. कंपनी एजन्सीला काम देते, एजन्सी स्क्वेअर फुटाचा रेट फोडून आमच्यासारख्याला देते, फाइल मेलवर येते, रंगाचा नंबर ठरलेला, लोगोच्या बाजूला किती जागा मोकळी सोडायची ते पण ठरलेलं, आणि ज्याचं दुकान त्याचं नाव खाली चार इंची पट्टीत. नाना म्हणायचे, माझ्या दुकानात मीच पोटभाडेकरू.

रविवारी सकाळी सातला शिडी लावली. बाळूने वरचं फ्लेक्स कटरने कापलं, लाल-पिवळं, व्ही आय चं, म्हणजे व्होडाफोन-आयडियाचं. ७ सप्टेंबर २०२० ला हे नाव आलं तेव्हा आम्ही लॉकडाउनमधे सहा महिने हात बांधून बसलेलो, त्यामुळे ते काम मला देवासारखं वाटलं होतं. लोक बोर्ड बघून विचारायचे हे "सहा" काय आहे, रोमन सहा. त्याचा उच्चार "वी" आहे हे नाना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून दमले.

त्याच्याखाली लाल. व्होडाफोन. त्याच्याखाली गुलाबी. हच.

इथे बाळूने माझ्याकडे बघितलं. कारण खालचं न काढता वरून ओढून बसवलेलं फ्लेक्स म्हणजे चोरकाम, मी पोरांना यावरून शिव्या घालतो, आणि हे चोरकाम माझंच होतं.

ती रात्र सांगायलाच पाहिजे. २० सप्टेंबर २००७. हच जाऊन व्होडाफोन, देशभर एकाच रात्रीत, २१ ला सकाळी लोक उठतील तेव्हा सगळीकडे लाल दिसलं पाहिजे. आणि गणपती चालू! पंधरा तारखेला बसलेले, अनंत चतुर्दशी पंचवीसला, म्हणजे ऐन मधल्या दिवसांत परळ-लालबाग-दादर पट्ट्यात अकरा बोर्ड बदलायचे. दिल्लीत की कुठे बसून ज्याने ही तारीख काढली त्याने आयुष्यात मुंबईचा गणपती बघितला नसणार. एक फिटर मोकळा नव्हता, सगळे मंडपाच्या लायटिंगवर. टेंपो रात्री दहाला भारतमाता सिनेमापाशी अडकला तो एकला सुटला. माल काळ्या पॉलिथिनमधे गुंडाळलेला, वेळेआधी उघडायचा नाही म्हणून ताकीद. नानांचा बोर्ड आठवा होता, पहाटे साडेचार झालेले, गुलाबी उतरवून रिव्हेट काढत बसलो असतो तर उजाडलं असतं. म्हणून लाल तसंच वरून टाकलं, पकडीने ओढलं, चारी बाजूंनी स्क्रू मारले आणि पळालो. दिवसा झकास दिसायचं. रात्री आतल्या ट्यूब लागल्या की लालमागून जुनी अक्षरं भुतासारखी उमटायची. नानांनी कधी तक्रार केली नाही, उलट म्हणाले राहू दे, जुनं गिऱ्हाईक ओळखेल.

त्या अकरा बोर्डांपैकी सहाचे पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत. मधली एजन्सी गुंडाळली, फोन बंद, ऑफिसला कुलूप. नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग.

गुलाबीच्या खालचं काम मात्र चोख होतं. गुलाबी काढल्यावर आतला अॅक्रिलिक तसाच होता. काळ्यावर नारिंगी चौकोन. ऑरेंज, २००० सालचं. हे मी आणि माझ्या मामाने केलेलं, माझ्या हातचं पहिलं मोठं ग्लो साइन, म्हणजे आत ट्यूब असलेला डबा. हल्लीच्या पोरांना प्रिंट मारून फ्लेक्स ताणणं म्हणजेच काम वाटतं. काळ्या ग्लो साइनमधे सुईएवढं भोक राहिलं तरी रात्री चांदणी चमकते, त्यामुळे आम्ही व्हिनाइल कापून लावलेलं, साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, शीट सरकवत जागेवर आणायचं, मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, मधून कडेला पाणी काढायचं, बुडबुडा राहिला तर टाचणीने टोचून दाबायचा. पंचवीस वर्षांनी एक कोपरा उचललेला नव्हता. बाळूला मुद्दाम हात लावून बघायला लावलं.

आणि सगळ्यात मागे, डब्याची पाठ म्हणून लावलेला पत्रा. उजेड परतावा म्हणून मामाने आतून पांढरा रंग मारलेला. उन्हात तिरकं धरलं तर रंगाखाली अक्षरांचा उठाव दिसत होता. बोट फिरवून वाचलं, मॅक्स टच. रंग कुठला होता ते आता देव जाणे.

नाना खुर्ची टाकून रस्त्यावर बसलेले, म्हणाले तो पत्रा ९६ चा. तेव्हा फोन करायला मिनिटाला सोळा रुपयांच्या वर आणि आलेल्या फोनला पण पैसे, त्यामुळे मोबाइलवाला माणूस रिंग वाजली की नंबर बघून कट करायचा आणि नानांच्याच पीसीओवरून उलटा फोन लावायचा. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाकडून दोनदा कमाई. येणारे कॉल फुकट झाले २००३ च्या मे मधे, आणि पीसीओचं पिवळं खोकं तिथून मेलं. नानांचा स्वतःचा नंबर ९८२०० ने सुरू होतो, तो आजही तोच आहे.

इथपर्यंत सगळं मजेत. मग भंगारवाला आला.

फ्लेक्सला तो हात लावत नाही, अॅक्रिलिकला थोडं देतो, पण फ्रेम बघून त्याचे डोळे चमकले. दीड इंची अँगल, त्या काळचा जाड, आत्ता आपण चौकोनी पाइप वापरतो तो त्याच्यापुढे कागद. डब्याची म्हणून पुढेमागे दोन फ्रेमा, मधे आडवे, भिंतीत चार ब्रॅकेट. मी अंदाजाने नव्वद किलो म्हटलं, तो पंच्याऐंशी म्हणाला. अडीच हजाराच्या आसपासचा विषय. बाळूने ग्राइंडर लावायला घेतला तेवढ्यात डिस्ट्रिब्यूटरचा पोरगा बाइकवरून उतरला आणि म्हणाला, फ्रेम कंपनीचं अॅसेट आहे, जमा करावी लागेल.

नाना उठून उभे राहिले. एवढी वर्षं माझ्या डोक्यावर लटकतेय, ती कंपनीची?

मग सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले, बनियनवरच. त्यांचं म्हणणं ब्रॅकेट बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीत ठोकलेत, भिंत सोसायटीची, म्हणजे जे भिंतीला लागलं ते सोसायटीचं. आणि ज्या एजन्सीने मला उतरवायचं काम दिलं तिच्या वर्क ऑर्डरमधे बारीक अक्षरात होतं की निघालेला माल एजन्सीचा, त्या हिशोबानेच रेट कमी दिलाय. ते मी फोनवर झूम करून वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

नानांचा जावई सीए आहे, तो मुलीला घेऊन आलेला, शेवटचा दिवस म्हणून. त्याला या भांडणात भयंकर रस आला. म्हणाला, थांबा, आधी सांगा ही फ्रेम कुणी बसवली? नाना म्हणाले मॅक्स टचवाल्यांनी. मग तो बोटं मोजायला लागला. मॅक्स टच म्हणजे हचिसन मॅक्स, हाँगकाँगची हचिसन आणि दिल्लीचा मॅक्स ग्रुप यांची भागीदारी. ऑरेंज हे नाव हचिसनने ९४ ला इंग्लंडात काढलेलं, ९९ ला मानेसमान या जर्मन कंपनीला विकलं, वर्षभरात मानेसमान घेतली कुणी तर व्होडाफोनने, आणि ऑरेंज गेलं फ्रान्स टेलिकॉमकडे. म्हणजे तुम्ही इथे ऑरेंजचा बोर्ड लावत होतात तेव्हा ते नाव हचिसनचं नव्हतंच. म्हणून तर नंतर हच करावं लागलं.

मी म्हटलं जावईबापू, मला वाटायचं कुणा साहेबाला नारिंगी रंगाचा कंटाळा आला असेल.

तो म्हणाला पुढचं ऐका. २००७ ला व्होडाफोनने हचिसनकडून हचचे ६७ टक्के घेतले, अकरा अब्ज डॉलरच्या आसपास. पण मुंबईत एक कागद हलला नाही. केमन आयलंड्स नावाच्या बेटावर एक कंपनी होती, तिचा फक्त एक शेअर होता, तो एक शेअर या हातातून त्या हातात गेला. झालं. इन्कम टॅक्सवाले म्हणाले धंदा इथला तर टॅक्स पण इथे भरा, अकरा हजार कोटींवर मागणी. मुंबई हायकोर्टात खातं जिंकलं, २० जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टात व्होडाफोन जिंकली, सरकारने त्याच वर्षी कायदाच मागच्या तारखेपासून बदलला, आणि २०२१ ला तो परत मागे घेतला.

हे तो इतक्या उत्साहात सांगत होता की भंगारवाला पण काटा खाली ठेवून ऐकत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच. तिकडे बेटावर एका शेअरने काम भागलं आणि इकडे मी पहाटे साडेचारला गणपतीच्या गर्दीत शिडीवर.

सेक्रेटरी म्हणाले, ते बेटाचं राहू द्या, फ्रेमचं बोला. जावई म्हणाला तेच बोलतोय. उरलेले ३३ टक्के एस्सारकडे होते, त्यातले बरेचसे २०११ ला व्होडाफोनने घेतले. पुढे पिरामलचे ११ टक्के २०१४ ला, ८,९०० कोटींना. मग २०१६ ला जिओ आलं आणि सगळ्यांचंच गणित फिसकटलं, ३१ ऑगस्ट २०१८ ला आयडिया आणि व्होडाफोन एक झाले.

आयडिया म्हटल्यावर मला राहवलं नाही. पुणे-नाशिककडची ती कामं मामाने केलीयत. आधी बिर्ला एटीअँडटी होतं, मग टाटा आत शिरले, तिघांचं मिळून बिर्ला टाटा एटीअँडटी, आणि अख्खं मार्केट त्याला बटाटा म्हणायचं. खोटं नाही. २००२ ला आयडिया नाव आलं तेव्हा मामा म्हणाला होता बरं झालं, नाहीतर बटाट्याचा लोगो कापायला लागला असता. एटीअँडटी गेले, २००६ ला टाटा पण गेले, उरले बिर्ला. आणि २०१८ नंतर दोन वर्षं कंपनी एक पण नावं दोन, काही दुकानांवर मी पिवळा आणि लाल शेजारी शेजारी लावलेत, रात्री हॉटेलच्या सॉसच्या बाटल्यांसारखे दिसायचे.

जावई म्हणाला, आणि आता शेवटचं. स्पेक्ट्रमचे पैसे थकले, सरकारने ते शेअरमधे फिरवून घेतले, या एप्रिलला ३६,९५० कोटींचे. सरकारचा हिस्सा झाला ४८.९९ टक्के. म्हणजे फ्रेम कंपनीची असेल तर...

बाळू पटकन म्हणाला, तर अर्धा अँगल सरकारचा.

सगळे हसले, डिस्ट्रिब्यूटरचा पोरगा सोडून. तो बिचारा बावीस-तेवीसचा, त्याने अॅसेट लिस्ट उघडली, त्यात २०१२ च्या आधीचं काहीच नव्हतं. फ्रेम नाही, डबा नाही, नानांच्या दुकानाचं नाव पण चुकीचं. त्याने साहेबाला फोन लावला, साहेबाने रविवार आहे म्हणून ठेवून दिला.

मग मी माझा घोडा पुढे दामटला. म्हटलं चारातले दोन ब्रॅकेट २००७ ला गंजून गेलेले, ते मी त्या रात्री नवीन घातले, वेल्डिंग माझं, बिल आजपर्यंत थकीत. पैसे दिले नाहीत म्हणजे माल माझाच ना? जावई डोकं खाजवत म्हणाला, दोन ब्रॅकेटपुरतं बोलू शकता. नाना माझ्याकडे बघत होते. मला जरा लाजच वाटली, पण बोललो ते बोललो.

शेवटी कुणालाच काही मिळालं नाही, कारण गाळ्याचा नवीन भाडेकरू चहा पिऊन परत आला, त्याचं मोमोजचं दुकान येतंय, तो म्हणाला फ्रेम काढताय कशाला, मला पाहिजे. सेक्रेटरी लगेच मऊ झाले. भंगारवाल्याला अॅक्रिलिकचे दीडशे रुपये मिळाले तेवढेच. मी ते द्यायला नको होतं, पण नेणार कुठे, दहा बाय चारची शीट लिफ्टमधे पण जात नाही. मॅक्स टचचा पत्रा नानांनी मागितला. तो बाळूने मधून दुमडून टॅक्सीच्या कॅरिअरला बांधून दिला, गावी गोठ्याला लावतो म्हणाले. पांढरी बाजू आत की बाहेर ते विचारायचं राहिलं.

मोमोजचा बोर्ड मागच्या आठवड्यात चढवला. पिवळ्यावर लाल, मधे एक हसणारा मोमो. नवीन एलईडी, नवीन फ्लेक्स, फ्रेमला फक्त रेडऑक्साइडचा हात. बिल करायला बसलोय. फ्लेक्स लिहिलं, एलईडी मोड्यूल लिहिले, लेबर लिहिलं. चौथ्या ओळीत "फ्रेम" लिहून थांबलोय. नवीन फ्रेमचे आज बारा हजार सहज होतात, त्याला फरक कळणार नाही, आणि माझे सहा बोर्डांचे पैसे अजून कुठेतरी हवेत आहेत. बायको म्हणते लाव. रकाना तीन दिवस तसाच आहे.