हॅवलॉकच्या पाण्याखाली: प्रवाळ, पोपटमासे आणि फोटोंची घाई

अंदमानला जाऊन आलेल्या बहुतेकांच्या फोनमध्ये एक ठरावीक फोटो असतो: डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, हाताने केलेली खूण आणि मागे निळेशार पाणी. हॅवलॉक बेटाचे नाव 2018 मध्ये स्वराज द्वीप झाले, तरी बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. तिथला स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय आता या एका फोटोभोवती फिरू लागला आहे आणि ते मला फार खटकले, म्हणून हे लिहितो आहे.

सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, राधानगरचा किनारा यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ते सारे आम्हीही पाहिले. हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीतली गर्दी आणि थंडगार एसी यांचा ताईला त्रास झाला, पण बाजारातल्या एका बंगाली खानावळीत मालकीणबाईंनी मागितल्याशिवाय दुसऱ्यांदा भात आणि माशाचा रस्सा वाढला, तेव्हा तो विसरायला झाला. या बेटावरची गावे मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली आहेत आणि त्यांच्या अगत्याला तोड नाही.

डायव्हिंगसाठी आम्ही निमो रीफ निवडले, कारण तिथे किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरता येते. आमचा प्रशिक्षक मायाबंदरकडचा, करेन समाजाचा तरुण होता. या समाजाला इंग्रजांनी 1925 च्या सुमारास ब्रह्मदेशातून अंदमानात आणले. पाण्यात हा मुलगा जितका सहज वावरत होता, तितके सहज आपण जमिनीवरही वावरत नाही. त्याने छातीभर पाण्यात आमचा सराव घेतला: तोंडानेच श्वास घ्यायचा, मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढायचे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर पुन्हा तोंडात धरायचा. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात तिच्यात आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. ताईला मास्कमधले पाणी काढणे काही केल्या जमेना, तरी तो हिंदीत शांतपणे ‘दीदी, फिर से’ म्हणत राहिला. शेजारी दुसऱ्या एका केंद्राचे लोक हाच सराव दोन-चार मिनिटांत उरकून माणसे खोल पाण्याकडे नेत होते. पाण्याखाली घाबरलेला माणूस श्वास रोखून वर धाव घेतो, वर येताना दाब कमी होऊन फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते आणि त्यातून जिवावर बेतू शकते. ज्या सरावाने ही भीती मोडायची, त्यालाच कात्री लावणे मला अक्षम्य वाटते.

खाली जाताना पहिल्यांदा बोलतात ते कान. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे दर हातभर उतरले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे आणि कान मोकळे करायचे. ताईच्या मनगटावर देवीचा लाल गंडा होता. खाली पोहोचेपर्यंत तो मळकट तपकिरी दिसू लागला, कारण पाणी सर्वांत आधी लाल प्रकाश शोषून घेते. प्रशिक्षकाने त्यावर टॉर्च धरला आणि गंडा एकदम लालभडक झाला. ताईने तो दुसऱ्या हाताने चाचपून पाहिला.

मग त्याने आम्हाला एका समुद्रफुलासमोर (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) नेले आणि तळहाताने ‘थांबा’ अशी खूण केली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले छोटे मासे त्या डुलणाऱ्या बोटांमधून आत-बाहेर करत होते. इतर माशांना समुद्रफुलाचा दंश होतो. यांच्या अंगावरच्या चिकट थरामुळे यांना होत नाही. त्यांच्यातला सर्वांत मोठा मासा मादी असतो आणि ती मेली तर तिचा जोडीदार नरच पुढे मादी होतो. ती मादी माझ्या मास्कच्या काचेपर्यंत आली, थबकली, मागे गेली आणि पुन्हा चालून आली. घर राखणारा एवढासा जीव माझ्या हजारपट आकाराला मुळीच बधत नव्हता! याच वेळी मागून एक बारीक आवाज येत होता, कोणी खडीसाखर दातांनी फोडावी तसा. तो पोपटमाशांचा होता. ते चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळावरचे शेवाळ खरवडतात, त्यासोबत पोटात गेलेला चुना दळतात आणि वाळू करून बाहेर टाकतात. ज्या पांढऱ्या वाळूसाठी आपण एवढे पैसे मोजून जातो, तिच्यात यांच्या पोटातून आलेला वाटा मोठा आहे.

तेवढ्यात आमच्या डाव्या बाजूला त्या दुसऱ्या केंद्राचा गट आला. एका मुलाला फोटोसाठी प्रवाळाच्या झुडपाजवळ उभे करण्यात आले, त्याच्या पायातल्या वल्ह्यासारख्या फिनचा फटका बसला आणि सांबराच्या शिंगासारखी एक फांदी तुटून वाळूत पडली. त्यांच्या माणसाने ती उचलली, मुलाच्या हातात दिली आणि फोटो काढला. मला पाण्याखाली ओरडता येईना, याचा इतका संताप मला यापूर्वी कधी झाला नव्हता.

अशा फांद्या वर्षाला काही सेंटिमीटर तरी वाढतात. गोल, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. माणसाच्या उंचीचा असा गोळा व्हायला दीडशेहून अधिक वर्षे लागू शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच हे प्रवाळही आहेत. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्राचे तापमान वाढून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, कारण उष्णतेच्या ताणाखाली प्रवाळ आपल्या शरीरात राहणारी आणि आपल्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतो. पुढे 2016 मध्ये पुन्हा तेच झाले. त्यातून जे वाचले, ते आपण फोटोपायी मोडायचे का?

किनाऱ्यावर आल्यावर कळले की तो मुलगा आणि त्याचे आई-वडील मराठीच होते. ती फांदी जिवंत प्रवाळाची होती हे मी सांगितले तेव्हा मुलाचा चेहरा उतरला. ‘काका, मला वाटलं तो दगड आहे,’ तो म्हणाला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्याच्या आईला तर त्याच संध्याकाळी पोर्ट ब्लेअरहून विमान होते. डायव्हिंगनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून किमान 12 आणि शक्यतो 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो, हेही कोणी त्या बाईंना सांगितले नव्हते. सुदैवाने त्यांचे तिकीट बदलून मिळाले.

मी त्या केंद्राच्या कचेरीत गेलो. ‘फोटो चांगले आले नाहीत तर लोक पैसे परत मागतात,’ असे तिथल्या गृहस्थांनी मला सांगितले, आणि पर्यटक म्हणून आपलाही यात हात आहे, हे मला मान्य करावे लागले. तरीही सराव, प्रवाळ आणि विमान या तिन्ही तक्रारी मी त्यांच्या वहीत सविस्तर लिहिल्या आणि खाली नाव-पत्ता देऊन सही केली.