पांझरेच्या पलीकडे

धुळे शहराचे दोन स्वभाव पांझरा नदीने आपल्या दोन काठांवर वाटून दिले आहेत. दक्षिण काठावर मूळ शहर आहे. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशाचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली आणि १८१९ च्या सुमारास येथे सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. तेथील गल्ल्यांना आजही नावांपेक्षा क्रमांकच अधिक चिकटलेले आहेत, आणि ‘चौथी गल्ली’ एवढ्या पत्त्यावर पाहुणा बिनचूक घरी पोहोचतो. उत्तर काठावर देवपूर आहे. एकवीरादेवीचे मंदिर, महाविद्यालये, वाडीभोकर रस्ता आणि त्याच्या आजूबाजूला वाढत गेलेल्या कॉलन्या, असा हा पसारा आहे. मी या दुसऱ्या काठावर राहते. बाजार, कापड, सराफ आणि गर्दी यांसाठी पूल ओलांडायचा आणि कामे उरकताच परत यायचे, अशी आम्हा देवपूरकरांची जन्माची येरझार आहे.

खानदेशात कॉलनी एका ठरावीक रीतीने जन्माला येते. शेतजमीन बिनशेती होते, ले-आउट मंजूर होतो, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जातात, आणि नियमाप्रमाणे मोकळी सोडावी लागणारी जागा ‘ओपन स्पेस’ या नावाने नकाशावर शिल्लक राहते. प्लॉट घेणारे बहुधा साक्री, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांतील खेड्यांतून आलेले शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचे किंवा बँकेचे कर्मचारी असतात. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी गाव सोडलेले असते, शेत मात्र सोडलेले नसते. घरे उभी राहिली, की काही वर्षांनी कोणीतरी ओपन स्पेसमध्ये महादेवाची पिंड बसवावी असे सुचवतो, आणि त्याला नाही म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. आमच्याकडेही तसेच झाले. मंदिर झाले, त्यापुढे पत्र्याचा मंडप आला, कडेने कडुनिंब वाढले आणि त्यांच्याखाली सिमेंटची बाके मांडली गेली. प्रत्येक बाकाच्या पाठीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून एकेक नाव रंगवलेले असल्यामुळे सायंकाळी आपण कोणत्या कैलासवासी गृहस्थांचे पाहुणे आहोत, हे बसणाऱ्याला नेहमी ठाऊक असते.

येथे शांतता आहे, यात शंका नाही. दुपारी कुल्फीवाल्याची घंटा तीन गल्ल्या आधी ऐकू येते आणि भंगारवाल्याची हाक कोणत्या घरापाशी थांबली, हे आतून सांगता येते. बाहेरून येणारे पाहुणे या शांततेचे कौतुक करतात, आणि ती आमच्या कडुनिंबांची किंवा मोकळ्या हवेची देणगी असावी, असा त्यांचा समज होतो. मला तसे वाटत नाही. ही शांतता माणसांनी रोज थोडी थोडी सांभाळलेली आहे, आणि ती कशी सांभाळली जाते, हे पाहायचे असेल तर नळाला पाणी येण्याच्या दिवशी आमच्या कॉलनीत यावे.

नळाला येथे रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने येते, उन्हाळ्यात हे अंतर वाढते, आणि वेळही पक्की नसते. दुपारी येईल, नाही तर पहाटे तीनला येईल. म्हणून आमच्या भागाचे वॉल्व्ह उघडणारा ‘वॉलमन’ हा कॉलनीतील सर्वांत आदरणीय पुरुष आहे. नगरसेवकाचा दूरध्वनी क्रमांक एखाद्या घरी नसेल, पण वॉलमनचा प्रत्येक घरी असतो. त्याच्या मुलीच्या लग्नाला आमची अख्खी कॉलनी गेली होती, आणि आहेराचे पाकीट कोणी हात आखडून भरले नव्हते. पाणी सुटल्याची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर येते हे खरे, पण तिच्याआधी ‘पानी उनं का?’ असा अहिराणी प्रश्न एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पोहोचलेला असतो.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. आमचा भाग सपाट नाही. उताराकडच्या घरांना पाणी आपसूक मिळते, तर चढाकडच्या नळांना धार बारीक येते. एखाद्याने नळाला मोटार जोडली, की पुढच्या चार घरांचे नळ कोरडे पडतात, आणि मग त्यांनीही मोटार लावणे एवढाच मार्ग उरतो. अनेक वस्त्यांत हे असेच चालते आणि त्यातून उद्भवणारी भांडणे पोलीस चौकीपर्यंत जातात. आमच्याकडे मात्र एक रीत पडली आहे. पहिला अर्धा तास कोणीही मोटार लावायची नाही. उताराकडच्यांनी आधी हौद भरून घ्यायचा आणि तोटी घट्ट बंद करायची, म्हणजे दाब वर सरकतो. हौद भरून पाणी रस्त्यावर वाहू लागले, तर कोपऱ्यावरच्या जिजी त्या घराची कडी वाजवतात. त्या कोणाला रागावत नाहीत. ‘भाऊ, तुमचं पाणी फिरायला निघालंय,’ एवढेच म्हणतात, आणि ते वाक्य ज्याला ऐकावे लागते, तो पुढचे अनेक दिवस नळापाशीच उभा राहतो. जे कुटुंब गावी गेलेले असते, त्याची किल्ली शेजारी असते आणि त्याचा हौद शेजारीच भरून ठेवतो.

ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, आणि ती पहिल्यांदा कोणी सुचवली, हेही आता कोणाला आठवत नाही. पण ती येथे सहज रुजली याचे मला नवल वाटत नाही, कारण आमच्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी पाण्याचा असाच हिशेब पाळलेला आहे. पांझरेच्या आणि शेजारच्या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतके फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, अशी ही व्यवस्था होती. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी ही पिके फडांत आळीपाळीने फिरायची. शेतकऱ्यांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असत. त्यामुळे पाणी कमी आहे म्हणून एखादा फड कोरडा ठेवण्याचे ठरले, तर ती टंचाई एकट्यादुकट्याच्या माथी न बसता सर्वांमध्ये वाटली जाई.

मला या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की आपल्या शेताला पाणी देण्याचे काम शेतकऱ्याच्या हाती नसेच. त्यासाठी सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी असे. तो ओळीने सगळ्यांची शेते भिजवी, आणि शेत कोणाचे आहे हे पाहण्याचे त्याला कारण नसे. उभ्या पिकाची राखण जागल्या करी, या माणसांवर देखरेखीला हवालदार असे, आणि त्यांची मजुरी बहुतांशी पिकाच्या रूपात सुगीला मिळे. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढायला सगळ्यांनी हातभार लावायचा, हाही नियम होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांत दातर्ती येथील पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम होते. म्हणजे पुढे मोठमोठी धरणे बांधणाऱ्या या अभियंत्याची उमेदवारी आमच्याच नदीच्या पाण्याशी झाली. पुढे नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि विजेचे पंप आले, ज्याची मोटार त्याचे पाणी असा काळ आला, आणि बहुतेक फड मोडले. काही ठिकाणी बंधारे अजून उभे आहेत.

वॉलमन म्हणजे आमचा पाटकरी आणि जिजी म्हणजे जागल्या, अशी जोडी लावण्याचा मोह होतो, पण ती पुरती जुळत नाही. पाटकऱ्याला नेमणारेच त्याला जाब विचारत. वॉलमनला आम्ही फक्त चहा पाजू शकतो. आणि जुळते ती नको त्या बाबतीत. फडात जमिनीचा मालकच बोले. आमच्या कॉलनीतही समितीवर घरमालकच आहेत, तेही निवृत्त पुरुष. भाडेकरू वर्गणी देतो, पण बैठकीला त्याला बोलावणे नसते. आणि पहाटे तीनला उठून तोटीपाशी उभ्या राहणाऱ्या बायका असतात, तर पाण्याविषयी महापालिकेला द्यायच्या निवेदनावर सह्या त्यांच्या यजमानांच्या असतात. शेजारधर्माचे गोडवे गाताना या बाजूवर पडदा टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. याच शेजारधर्मामुळे माझ्या घरी कोण आले, किती वाजता गेले आणि जाताना हातात कोणती पिशवी होती, हेही चार घरांत माहीत असते. ही किंमत मी देते. आमच्या गल्लीतील नोकरी करणाऱ्या मुलींना ती माझ्यापेक्षा अधिक द्यावी लागते.

शांततेला सर्वांच्या संमतीने सुट्टी मिळते ती श्रावणात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खानदेशची देवी घरी बसते. पूर्वी हा भाऊबंदकीचा सोहळा होता. कुळातील सगळी माणसे मूळ गावी जमत आणि रोटांचा प्रसाद घरच्यांपुरताच राही. आता सगळ्यांना गावी जाणे जमत नाही, म्हणून आमच्याकडे एका घरी कानबाई बसते आणि रात्रभर अहिराणी गाण्यांना सगळी कॉलनी लोटते. त्या रात्री कोणी झोपेची तक्रार केलेली मला ठाऊक नाही. सोमवारी वाजतगाजत कानबाई विसर्जनाला नेली जाते, आणि मंगळवारी कोणाच्या टीव्हीचा आवाज वाढला, तर जिजी पुन्हा कडी वाजवायला मोकळ्या असतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेला मोठा पूर आला आणि शहरातील पूल वाहतुकीसाठी बंद करावे लागले. एरवी कोरडी पडलेली, आम्ही जिच्याकडे जाता-येता पाहतही नाही अशी ही नदी अचानक दोन काठांना तोडून बसली. दुधाच्या पिशव्या घराघरांत मोजून वाटल्या गेल्या, आणि पलीकडे शहरात अडकलेल्यांनी रात्र नातेवाइकांकडे काढली. पाण्याची वाट पाहणारी वस्ती पाण्यानेच अडवली, याची गंमत मात्र तेव्हा कोणाला सुचली नाही.

सध्या कॉलनीत वेगळाच प्रश्न उभा आहे. चढाच्या टोकाला दोन प्लॉट एकत्र करून फ्लॅटची इमारत बांधली जात आहे. तेथे इतकी कुटुंबे राहायला आली, की पहिला अर्धा तास मोटार न लावण्याचा नियम त्यांना कोण सांगणार, आणि एवढ्या घरांची टाकी मोटारीवाचून भरणार तरी कशी? काही जण म्हणतात, त्यांनी स्वतःची बोअर घ्यावी; पण बोअर म्हणजे आमच्याच पायाखालचे पाणी. आमच्या कॉलनीतले नाना म्हणतात, इमारतीतील दोन माणसे आधीच समितीवर घ्या, म्हणजे नियम त्यांचाही होईल. मला नानांचे पटते. त्या दोघांपैकी एक बाई असावी, असे मी सुचवले, तेव्हा समिती थोडा वेळ खोकली आणि मग विचार करू म्हणाली. यावर बोलण्यासाठी मंदिराच्या मंडपात रविवारी सकाळी बैठक ठरली होती, ती आम्ही शनिवारी घ्यायला लावली आहे. वॉलमनने रविवारी पाणी सोडण्याचे सांगितले आहे, आणि पाण्याच्या दिवशी बैठक ठेवली, तर बोलायला पुन्हा पुरुषच तेवढे मोकळे असतील.