भिशी

आमचं घर भुसावळचं, ख्रिस्ती. मुक्ताईच्या पालखीत मी गेलो तो मित्राच्या भरीस पडून, तेही दोन मुक्कामांपुरता. टाळ मला नवा नव्हता. नारायण वामन टिळकांचे अभंग आम्ही चर्चमध्ये टाळावरच गातो. नवं होतं ते ज्येष्ठातलं ऊन डोक्यावर घेऊन चालणं. पुढे महिनाभर चालून ही माणसं पंढरपूर गाठतात. "पाऊस लागीन रे भो," मित्र म्हणाला होता. कुठला लागतो!

दिंडीत जेवायचं तर भिशी भरावी लागते, हे पालखी जिथून निघते त्या कोथळीला गेल्यावर कळलं. आमच्या दिंडीमागे एक आजी चालत होती, अनवाणी, भिशी न भरलेली. पंगत उठली की वाढप्याकडून उरलंसुरलं घ्यायची. मी माझी पाण्याची बाटली तिला देऊन आलो. बायबलमधला मत्तयाचा २५वा अध्याय डोक्यात होताच: तहानेल्याला पाजलं ते मलाच पाजलं, असं राजा म्हणतो. बाटली देताना बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच बरं वाटलं.

दुपारी केळीच्या बागेपाशी मला चक्कर आली. शुद्धीवर आलो तेव्हा दिंडी पुढे गेली होती. मित्र पाणी आणायला धावला होता आणि माझं डोकं त्या आजीच्या मांडीवर होतं. कपाळावर तिचा ओला पदर, नाकाशी फोडलेला कांदा. बाटली माझीच.

"कोन्या गावचा रे भाऊ?"

"भुसावळ."

धर्म, जात, काही नाही. गाठोड्यातून कळण्याची अर्धी भाकरी काढून म्हणाली, "खाय."

त्या अध्यायात उजवीकडचेही, म्हणजे ज्यांनी खाऊपिऊ घातलं तेही, राजाला विचारतात, तुला भुकेलेला आम्ही कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नसतो. इतकी वर्षं ऐकूनही ही ओळ माझ्याकडून निसटलेली. मला मात्र सकाळी सगळं माहीत होतं, कुणाला देतोय आणि कशासाठी. शिवाय त्या गोष्टीत मी कायम देणाराच असायचो. भुकेला, परका मी असेन, हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी मुक्कामावर दिंडीवाल्या महाराजांकडे गेलो. म्हटलं, त्या आजीची पंढरपूरपर्यंतची भिशी मी भरतो. त्यांनी पैसे मोजले, वही उघडली, पेन उचललं.

"नाव सांगा माउलींचं."

मी विचारलंच नव्हतं.